स्विच बंद, तरी टाळ ऐकू येतात: ४०६६ आणि ४०५३ मधली ट्रेबलची गळती, घट आणि चरचर कशी शोधायची

४०६६ किंवा ४०५३ या अॅनालॉग स्विचच्या आयसीवर बांधलेला सिलेक्टर, म्हणजे कोणतं इनपुट ऐकायचं ते निवडणारं सर्किट, घ्या आणि भजनाचं रेकॉर्डिंग त्याच्या पहिल्या इनपुटला लावा. मग दुसरं इनपुट निवडा, पण त्याला काहीही जोडू नका, आणि व्हॉल्यूम वाढवत न्या. पखवाज ऐकू येणार नाही, अभंगाचे शब्द कळणार नाहीत, पण टाळांची किणकिण येत राहील. बंद अॅनालॉग स्विच म्हणजे तुटलेली तार नव्हे, तो एक अगदी लहान कपॅसिटर असतो. त्यातून निसटणारा सिग्नल फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की दुप्पट होतो, म्हणजे दर सप्तकाला ६ डेसिबल. १ किलोहर्ट्झला जेवढी गळती आहे त्यापेक्षा २० किलोहर्ट्झला ती २६ डेसिबलने जास्त असते. म्हणून आधी टाळ निसटतात, पखवाज मागे राहतो.

पुढचं सगळं सीडी४०६६, सीडी४०५३ आणि त्यांच्या ७४एचसी मालिकेतल्या भावंडांबद्दल आहे, कारण घरगुती मिक्सर, प्रीअँप आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये याच आयसी असतात. ट्रेबल बिघडलं की पहिला संशय आयसीवर जातो आणि लोक ती बदलत बसतात. बहुतेक वेळा आयसी निर्दोष असते, गडबड तिच्या आजूबाजूच्या इम्पिडन्समध्ये, म्हणजे सिग्नलला होणाऱ्या विरोधात असते. स्विचच्या आधी किती ओहम आहेत, नंतर किती आहेत आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्ट नाचतात, हे तीन आकडे कागदावर लिहिले की निम्मं काम झालं.

मोजायचं कशाने

साध्या मल्टीमीटरची एसी रेंज ५० हर्ट्झच्या मेन्ससाठी बनवलेली असते. ४०० हर्ट्झपर्यंत ती ठीक चालते, १० किलोहर्ट्झला तिच्या आकड्यावर विसंबू नका. मीटर कमी दाखवतो आणि आपल्याला वाटतं स्विचने ट्रेबल खाल्लं.

स्कोप असेल तर प्रोब ×१० वर ठेवा. ×१ वर प्रोब आणि तिची केबल मिळून १०० पिकोफॅरडच्या आसपास भार टाकतात. जिथे आपण १-२ पिकोफॅरडची गळती शोधतोय तिथे एवढा भार पडला तर गळतीच दबते, आणि प्रोब काढली की परत येते. ×१० वर हा भार १५ पिकोफॅरडच्या घरात येतो. तरीही मोजायचं ते शक्यतो पुढच्या बफरच्या (सिग्नल आहे तसा पुढे देणाऱ्या ऑप-अँपच्या) आउटपुटवर, थेट स्विचच्या पिनवर नाही.

स्कोप नसेल तर लॅपटॉपला जोडलेलं यूएसबी साउंडकार्ड आणि ऑडासिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. आधी आउटपुट थेट इनपुटला जोडून १, ५, १० आणि १५ किलोहर्ट्झचे टोन रेकॉर्ड करा आणि त्यांची पातळी लिहून ठेवा. ही तुमची पट्टी. मोबाइलवरून टोन देणार असाल तर त्यातला इक्वलायझर आणि 'साउंड एन्हान्समेंट' बंद करा. कानाने तपासायला तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग उत्तम: जवारीत वरचे स्वरांश खच्चून भरलेले असतात, ट्रेबल गेलं की तानपुरा लगेच बोथट वाटतो आणि गळाला तर फक्त जवारीची झिणझिण उरते.

गळती: आधी तिचा स्वभाव ओळखा

बंद चॅनेलला १ किलोहर्ट्झ द्या, आउटपुटवर किती येतं ते लिहा. मग तीच पातळी ठेवून १० किलोहर्ट्झ द्या. गळती साधारण २० डेसिबलने वाढली तर ती कपॅसिटन्समधून आहे. दोन्हीकडे सारखीच राहिली तर कपॅसिटन्सचा संबंध नाही: ग्राउंडची सामायिक तार, अर्धवट चालू राहिलेला स्विच किंवा दोन चॅनेलना एकच कच्चा बायस (स्विचच्या टोकांना दिलेली ठरावीक डीसी पातळी), यांपैकी काहीतरी आहे. आणि बासच जास्त गळत असेल तर बायस बिंदूवरचा इलेक्ट्रोलिटिक लहान आहे किंवा सुकला आहे. तिथे ४७ मायक्रोफॅरड टाका आणि पुन्हा मोजा. हे दोन टोन न मोजता जो सोल्डरिंग गन हातात घेतो त्याची संध्याकाळ फुकट जाते.

कपॅसिटन्सची गळती असेल तर हिशोब असा. सीडी४०६६ च्या डेटाशीटमध्ये बंद स्विचच्या दोन टोकांमधला कपॅसिटन्स ०.५ पिकोफॅरड दिला आहे. २० किलोहर्ट्झला तो १६ मेगाओहमसारखा वागतो. पुढचा भार १०० किलोओहम असेल तर गळती −४४ डेसिबल. पण बोर्डही काही पिकोफॅरड टाकतोच. एकूण २ पिकोफॅरड धरले तर तेच ४ मेगाओहम होतात आणि गळती −३२ डेसिबलवर येते, जी शांत खोलीत सहज ऐकू येईल. भार १० किलोओहमचा केला तर −५२, १ किलोओहम केला तर −७२.

आता सुरुवातीच्या प्रयोगात दुसरं इनपुट मोकळं का ठेवलं ते कळेल. निवडलेल्या इनपुटला सीडी प्लेअर किंवा फोन जोडलेला असतो तेव्हा त्याचा आउटपुट इम्पिडन्स काहीशे ओहमच असतो आणि चालू स्विचमधून तोच सामायिक बिंदूला दाबून धरतो. केबल उपटली की तो आधार जातो, बिंदू बायस रेझिस्टरच्या भरवशावर तरंगतो आणि गळती एकदम वर येते. 'कधी येते, कधी जाते' अशी तक्रार असेल तर मोकळ्या इनपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावून पाहा. गळती नाहीशी झाली तर इलाज स्वस्तात आहे: प्रत्येक इनपुट सॉकेटवर, कपलिंग कपॅसिटरच्या आधी, १० ते २२ किलोओहम ग्राउंडला कायमचा लावा. लाइन लेव्हलच्या कुठल्याही उपकरणाला हा भार जड नाही. गिटार पिकअप किंवा पिएझोला मात्र हे चालणार नाही, त्यांना स्विचच्या आधी बफर हवाच.

एवढ्याने भागलं नाही तर पॉवर बंद करून आयसी सॉकेटमधून काढा, पॉवर पुन्हा द्या, परत मोजा. गळती जवळपास तेवढीच राहिली तर ती बोर्डातून आहे. ४०६६ मध्ये पहिल्या स्विचची दोन्ही टोकं १ आणि २ या शेजारच्या पिनांवर आहेत. ब्रेडबोर्डवर या दोन ओळींच्या पट्ट्या एकमेकींना खेटून असतात आणि आयसीच्या स्वतःच्या कपॅसिटन्सच्या कित्येक पट तिथूनच जोडलं जातं. ब्रेडबोर्डवर आयसोलेशन (बंद स्विच सिग्नल किती अडवतो ते) मोजू नका, आकडा ब्रेडबोर्डचाच येतो. पीसीबीवर इनपुट आणि आउटपुटचे ट्रॅक विरुद्ध दिशांना काढा, मध्ये ग्राउंडचा ट्रॅक घाला. वेरोबोर्ड वापरत असाल तर मधली पट्टी ग्राउंड करा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल असते आणि न पुसलेला फ्लक्स ती धरून ठेवतो. १ मेगाओहमच्या बायस रेझिस्टरच्या शेजारी फ्लक्सचा चिकट थर असेल तर डीसी पातळी सरकते. ही गळती ट्रेबलची नसते, पण स्विच करताना 'टक' आवाज येऊ लागतो आणि उन्हाळ्यात बरं चाललेलं सर्किट बिघडल्यासारखं वाटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासा, हेअर ड्रायरने कोमट हवेत वाळवा.

एका स्विचऐवजी टी

−५० डेसिबल पुरेसं नसेल, उदाहरणार्थ तालमीच्या खोलीत एका चॅनेलवर ताशा आणि दुसऱ्यावर निवेदन असेल, तर एकाच्या जागी तीन स्विच लावा: सिग्नलच्या वाटेत दोन आणि त्यांच्या मधल्या बिंदूपासून ग्राउंडला एक. वाटेतले बंद झाले की मधला चालू. पहिल्यातून निसटलेला सिग्नल मधल्या चालू स्विचच्या १८० ओहम रेझिस्टन्समध्ये बुडतो. २ पिकोफॅरड आणि १८० ओहम यांचा हिशोब २० किलोहर्ट्झला −८७ डेसिबल येतो, तोही दुसरा स्विच मोजायच्या आधी. नुसता म्यूट हवा असेल, सामायिक बस (अनेक चॅनेल जिथे एकत्र येतात ती ओळ) नसेल, तर वाटेतला एक आणि ग्राउंडचा एक एवढे दोन पुरतात.

मधल्या स्विचला उलटा कंट्रोल लागतो. मोनो असेल तर त्याच ४०६६ मधला चौथा स्विच इन्व्हर्टर म्हणून वापरता येतो: त्याचं एक टोक पिन ७ ला, दुसरं १० किलोओहमने पिन १४ ला, आणि त्या दुसऱ्या टोकावरून मधल्या स्विचचा कंट्रोल घ्या. कंट्रोलच्या पिना १३, ५, ६ आणि १२ अशा क्रमाने आहेत, सरळ ओळीत नाहीत, त्यामुळे वायरिंग दोनदा तपासा.

सिंगल सप्लाय असेल तर मधला स्विच ग्राउंडला नाही, अर्ध्या सप्लायच्या बायस बिंदूला जोडायचा, आणि त्या बिंदूवर ४७ मायक्रोफॅरड असलाच पाहिजे. ग्राउंडला जोडलात तर १२ व्होल्टच्या सप्लायवर प्रत्येक वेळी सहा व्होल्टचा धक्का बसेल आणि स्पीकर ठणकेल.

ट्रेबल कमी येतंय

इथे आयसीला लगेच निर्दोष सोडता येतं. १५ व्होल्टवरचा ऑन रेझिस्टन्स, म्हणजे चालू स्विचचा स्वतःचा रेझिस्टन्स, १२५ ओहम (वरचे १८० ओहम १० व्होल्टवरचे) आणि पिनचा कपॅसिटन्स ८ पिकोफॅरड मिळून जी मर्यादा येते ती दीडशे मेगाहर्ट्झच्या वर आहे. ऑडिओला तिची झळ लागत नाही.

ट्रेबल खाल्लं जातं ते स्विचच्या आधीच्या मोठ्या रेझिस्टन्समुळे. १०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट मध्यावर २५ किलोओहमचा आउटपुट देतो. पुढे मीटरभर शिल्डेड वायर आणि स्विचच्या पिना मिळून १५० पिकोफॅरड झाले तर कट-ऑफ (जिथून वरचं ट्रेबल उतरू लागतं ती फ्रिक्वेन्सी) ४२ किलोहर्ट्झवर येतो आणि २० किलोहर्ट्झला ०.९ डेसिबल जातात. हे सोसता येईल. पण सोर्स ४७० किलोओहमचा असेल तर तोच कट-ऑफ सव्वादोन किलोहर्ट्झवर आपटतो आणि आवाजावर घोंगडी पडते. पॉट १० किलोओहमचा घ्या, किंवा पॉट आणि स्विच यांच्यामध्ये टीएल०७२ चा बफर टाका. दुसरा मार्ग आम्हाला जास्त पसंत आहे, कारण मग पॉट फिरवला तरी गळती आणि घट दोन्ही बदलत नाहीत.

पुढे एलएम३५८ असेल तर त्याच्याकडेही बघा. त्याचा स्लू रेट (आउटपुट किती वेगाने बदलू शकतो तो वेग) ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाच्या आसपास आहे, म्हणजे २० किलोहर्ट्झला तो सुमारे २.४ व्होल्ट शिखरापर्यंतच नीट धावतो. त्यापुढे साइन वेव्हचा त्रिकोण होतो. स्कोपवर त्रिकोण दिसला तर स्विचला हात लावू नका, टीएल०७२ किंवा एनई५५३२ बसवा. पिना त्याच आहेत, पण सिंगल ५ व्होल्टवर चालवत असाल तर या दोघांना तेवढा सप्लाय अपुरा पडतो, हे आधी बघून घ्या.

चरचर, म्हणजे डिस्टॉर्शन

चालू स्विचचा रेझिस्टन्स स्थिर नसतो, सिग्नलचा व्होल्टेज वरखाली झाला की तोही बदलतो. समजा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो २० ओहमने बदलला. भार १० किलोओहम असेल तर आवाजाच्या पातळीत ०.२ टक्के डोलणं आलं, १०० किलोओहम असेल तर ०.०२ टक्के. म्हणजे डिस्टॉर्शनसाठी भार मोठा हवा आणि गळतीसाठी लहान. याच कात्रीत बहुतेक सर्किटं अडकतात आणि रेझिस्टर बदलून बदलून लोक थकतात.

सुटका व्होल्टेजऐवजी करंट स्विच करण्यात आहे. सीडी४०५३ घ्या. पिन १६ ला +५, पिन ७ ला −५, पिन ८ आणि ६ ग्राउंडला. इनपुट २२ किलोओहममधून सामायिक पिन १४ वर आणा. पिन १३ ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग इनपुटला, पिन १२ ग्राउंडला. ऑप-अँपचा फीडबॅक २२ किलोओहम, त्याला समांतर ४७ पिकोफॅरड. कंट्रोल पिन ११ वर: वर गेला की सिग्नल ऑप-अँपला, खाली गेला की ग्राउंडला.

यात स्विच कधीच मोठा व्होल्टेज बघत नाही, कारण दोन्ही बाजूंना शून्य आहे: एकीकडे खरं ग्राउंड, दुसरीकडे ऑप-अँपने शून्यावर धरून ठेवलेलं इन्व्हर्टिंग इनपुट, म्हणजे व्हर्च्युअल ग्राउंड. रेझिस्टन्स बदलायला व्होल्टेजच उरत नाही, आणि जो थोडा बदलतो तो २२ किलोओहमपुढे नगण्य. चॅनेल बंद असताना पिन १४ वर सिग्नलचा फक्त १८० ओहमइतका वाटा राहतो, म्हणजे −४२ डेसिबल. त्यातून २ पिकोफॅरडने पुढे जे जातं ते आणखी ४५ डेसिबल खाली. एकूण −८७. शिवाय ±१५ व्होल्टवर चालणाऱ्या ऑप-अँपचा १० व्होल्टचा सिग्नलही ±५ च्या स्विचमधून विनातक्रार जातो. नवीन सर्किट काढत असाल तर दुसरं काही करूच नका.

इथे दोन ठिकाणी चुकतं. पहिलं, पिन १२ मोकळी सोडणं: मग चॅनेल बंद असताना पिन १४ पूर्ण सिग्नलवर चढते, ±५ च्या बाहेर गेली की आयसीतले संरक्षक डायोड चालू होतात आणि मोठ्या ठोक्यांना चरचर शेजारच्या चॅनेलमध्येही येते. दुसरं, ४७ पिकोफॅरड विसरणं: इन्व्हर्टिंग इनपुटवर अनेक स्विच जमले की त्यांच्या कपॅसिटन्समुळे ऑप-अँप काही मेगाहर्ट्झला डोलू लागतो. ते ऐकू येत नाही, पण आयसी गरम होते आणि ट्रेबल खरखरीत होतं. फीडबॅक १०० किलोओहम असेल तर २२ पिकोफॅरड घ्या. २० किलोहर्ट्झला ०.३ डेसिबल जातील, तेवढे जाऊ द्या.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे व्होल्टेज स्विच करणाऱ्या, सर्किटमध्ये चरचर असेल तर आधी बायस मोजा. १२ व्होल्ट सिंगल सप्लायवरच्या ४०६६ मध्ये स्विचची दोन्ही टोकं डीसीला ६ व्होल्टच्या जवळ हवीत. शून्यावर असतील तर अर्धी लाट आतल्या डायोडमध्ये कापली जाते. आणि आयसीला पॉवर नसतानाही फाटका आवाज येत असेल तर सिग्नलच डायोडमधून आयसीला पोसतोय. प्रत्येक इनपुटला १ किलोओहम सिरीजमध्ये टाका, आयसी मरणार नाही.

कंट्रोलच्या तारा

डिस्प्ले स्कॅन करणारा मायक्रोकंट्रोलर शेजारी असला की कंट्रोल पिनवरची सळसळ आवाजात उतरते. कंट्रोल पिनच्या अगदी जवळ १० किलोओहम आणि १ नॅनोफॅरड लावा.

कंट्रोलचा व्होल्टेज पुरेसा नसणं ही फार नेहमीची चूक. १२ व्होल्टवरच्या ४०६६ ला ५ व्होल्टचा आर्डुइनो पूर्ण चालू करू शकत नाही. १० व्होल्टवरच त्याला ७ लागतात. बीसी५४७ आणि १० किलोओहमचा पुल-अप लावा, लॉजिक उलटं होतं हे कोडमध्ये धरा. वरचं ±५ चं ४०५३ थेट ५ व्होल्टच्या कंट्रोलवर चालतं. ३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ साठी ७४एचसीटी४०५३ घ्या, तिला २ व्होल्ट पुरतात. न वापरलेल्या कंट्रोल पिना ग्राउंड करा.

'टक' येत असेल तर स्विचच्या दोन टोकांमधला डीसी फरक मोजा, तो काही मिलिव्होल्टच्या आत आणा. तरीही बारीक टिक राहिली तर ती स्विचच्या कंट्रोलच्या गेटमधून ढकलल्या जाणाऱ्या चार्जची आहे: ५ पिकोकूलोंब १०० पिकोफॅरडवर पडले तर ५० मिलिव्होल्ट होतात. बिंदूचा इम्पिडन्स कमी केला की ही टिक लहान होते, म्हणून व्हर्च्युअल ग्राउंडच्या मांडणीत ती क्वचितच त्रास देते.

तपकीर गल्लीत काय मागायचं

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत नुसतं 'चाळीस सहासष्ट द्या' म्हटलं तर हातात सीडी, एचईएफ किंवा ७४एचसी काहीही पडू शकतं. ७४एचसी४०६६ चा ऑन रेझिस्टन्स कमी असतो, पण १२ व्होल्टवर ती जळू शकते. ४०१६ पिनाला पिन बसते, मात्र तिचा रेझिस्टन्स जास्त आणि सिग्नलबरोबर जास्त हलणारा. आयसीवरचं पूर्ण नाव वाचून घ्या. जास्त व्होल्टेज थेट स्विच करायचंच असेल तर डीजी४११ मागा. ती ±१५ वर चालते आणि रेझिस्टन्स ३५ ओहमच्या आत असतो, पण लॉजिक उलटं आहे: कंट्रोल खाली असताना स्विच चालू.

शंका आली तर घरी तपासा. ४०६६ ला ±५ द्या, कंट्रोल +५ ला जोडा, स्विचमधून ३०० हर्ट्झचा १ व्होल्ट पाठवा, पुढे १ किलोओहम ग्राउंडला. ही फ्रिक्वेन्सी मल्टीमीटरला झेपते. आउटपुट ०.८५ व्होल्टच्या आसपास आला तर आयसी बरोबर आहे. ०.७ च्या खाली गेला तर ती परत करा.

सप्लायसाठी १२ व्होल्टचा साधा अॅडॉप्टर असेल तर त्यातली स्विचिंगची सळसळ आयसीपर्यंत पोहोचू देऊ नका. ४७ ओहम आणि २२० मायक्रोफॅरडचा फिल्टर लावा, आणि पिन १४ व ७ ला खेटून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक. ४०६६ इतका कमी करंट घेते की ४७ ओहमवर व्होल्टेज पडत नाही. त्याच ओळीवर ऑप-अँप मात्र टांगू नका, त्यांना वेगळा फिल्टर द्या.